वाहत्या पाण्यातली मांसाहारी वनस्पती

प्रश्न : कासला सीतेची आसवं पाहिली, गाईड म्हणाला ही किडे खातात. पण ती ओल्या मातीतली. वाहत्या पाण्यातही अशी एखादी असते का? वाहून नाही जात? - एक वाचक, सातारा

उत्तर : असते की! सीतेच्या आसवांचीच भावकी, म्हणजे युट्रिक्युलेरिया. त्यातली युट्रिक्युलेरिया निओट्टिऑइडिस ही दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, बोलिव्हिया वगैरेकडे, खडकावरून पळणाऱ्या उथळ ओढ्यात राहते. युट्रिक्युलेरियांना खरी मुळं नसतातच, त्यामुळे ही बया मुळासारख्या तंतूंनी दगडाला घट्ट चिकटते, पानं केसासारखी बारीक, पाण्यासोबत नुसती हलत राहतात, आणि फुलांचा दांडा तेवढा पाण्याबाहेर.

आता खाण्याचं. युट्रिक्युलेरियांना बारीक फुगे असतात, फुग्यातलं पाणी बाहेर टाकून आत दाब कमी करून ठेवतात, दाराजवळच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव धडकला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत, डोळ्याला काही कळतच नाही. गंमत म्हणजे निओट्टिऑइडिसला हे फुगे फार कमी, कितीदा तर सापडतच नाहीत, म्हणजे नावाची मांसाहारी म्हणा ना!

पश्चिम आफ्रिकेत युट्रिक्युलेरिया रिजिडा आहे, तीपण वाहत्या पाण्यातल्या खडकांवरच. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये खडकाला शेवाळासारखं चिकटलेलं काही दिसलं तर ते पोडोस्टेमेसी कुळातलं असू शकतं, फुलं येतात त्याला, पण ते किडेबिडे खात नाही.