बंड्या लंगडतो, पण कुंई करत नाही

प्रश्न : आमचा बंड्या लॅब्राडॉर आहे. वय ८ वर्षं, वजन ४१ किलो. दोन महिने झाले, सकाळी उठला की मागचा डावा पाय आखडतो. गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या की बरा होतो. पावसात जास्त होतं. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुखतं म्हणावं तर तो कधी कुंईसुद्धा करत नाही. माझ्या गुडघ्यासाठी आणलेली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी त्याला दोनदा दिली, तर दिवसभर छान चालला. रोज दिली तर चालेल का? सासरे म्हणतात, वय झालंय, उगाच मागे लागू नका.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, ती गोळी आधी बंद. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला आयब्युप्रोफेन झेपत नाही. जठरात जखमा होतात, आतून रक्त जातं, आणि वरून कुत्रा तुम्हाला 'छान चालताना' दिसतो. उलटी, जेवण नको, शी डांबरासारखी काळी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकही घरच्या डब्यातून द्यायची नाहीत. आणि डॉक्टरांना गोळी दिल्याचं सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. मीही रागावते, पण मला ते कळलंच पाहिजे, कारण दुसरं वेदनाशामक सुरू करण्याआधी मध्ये काही दिवस मोकळे सोडावे लागतात.

आता सासऱ्यांचं म्हणणं. वय झालं म्हणून कोणी लंगडत नाही, दुखतं म्हणून लंगडतं. कुंई करत नाही याचा अर्थ दुखत नाही असा नाही. सांध्याचं जुनं दुखणं बहुतेक कुत्री मुकाट्याने सोसतात. पलंगावर उडी मारायची सोडतात, जिन्याच्या तोंडाशी थबकतात, एकच सांधा चाटत बसतात. आपण म्हणतो, शहाणा झाला हो.

सकाळी आखडणं आणि चाललं की मोकळं होणं ही संधिवाताची चाल आहे, आणि लॅब्राडॉरमध्ये खुबा आणि कोपर या नेहमीच्या जागा. पण तुमच्या पत्रात सतत एकच पाय आहे, म्हणून मला गुडघ्याचाही संशय येतो. तिथला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, हळूहळू फाटत जातो. बंड्या बसतो कसा ते बघा. दोन्ही पाय पोटाखाली घेऊन नीट बसतो, की डावा पाय बाजूला काढून? मग तो उभा असताना त्याच्या मागे बसा आणि दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांत धरा. डावी मांडी हाताला बारीक लागली, तर तो कित्येक आठवडे तो पाय वाचवतोय. त्याचा व्हिडिओही काढा, सकाळी उठल्या उठल्या, गॅलरीत, एकदा बाजूने, एकदा मागून. दवाखान्यात आला की घाबरून लंगडा कुत्राही सरळ चालतो, मग मी तरी काय बघणार?

एक्स-रे लागेलच. खुब्याचा चांगला फोटो हवा तर बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याला घाबरू नका. परळच्या बैल-घोडा हॉस्पिटलात किंवा तुमच्या जवळच्या डॉक्टरकडे, कुठेही करा. सोबत रक्ततपासणी करून घ्या. गोचिडतापातही सांधे दुखतात आणि मुंबईत गोचिडी बारा महिने असतात. आज हा पाय, उद्या तो, अंगात ताप, जेवणाला तोंड नाही, असं असेल तर आधी तेच तपासायचं. शिवाय वेदनाशामक सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे हे कळतं.

पण खरं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ४१ किलो! बंड्या ३३-३४ किलोचा असायला हवा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात. ४८ लॅब्राडॉरवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे. ज्यांना जोडीतल्या आपल्याच भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, ती कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचा संधिवात उशिरा सुरू झाला. तेव्हा वाटी ठरवा, मोजून द्या, महिन्याला दीड किलो उतरलं तरी पुरे. आणि चहाबरोबर बिस्किटं कोण देतंय ते शोधा. माझ्या अनुभवात ते बहुधा 'वय झालंय' म्हणणारेच असतात.

जिना टाळता येत नाही, पण खेपा कमी करता येतात. उतरताना जुन्या सुती साडीची घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून थोडा भार उचला. तो नर आहे, कापड मागे सरकून नको तिथे काचू देऊ नका. घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर तो जिथून उठतो तिथपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पट्टी टाका. नखं आणि पंजातले केस कापा. रविवारी चौपाटीवर तासभर बॉलमागे पळवत असाल तर ते बंद. भुसभुशीत वाळूत सांध्यांना जास्त ताण पडतो. रोज दहा-दहा मिनिटं दोन-तीनदा, सपाट रस्त्यावर, पट्टा धरून.

ग्लुकोसामाइनच्या पावडरीबद्दल लोक विचारतातच. फार पुरावा नाही. पैसे मोजकेच असतील तर एक्स-रेवर घाला. माशाच्या तेलाला त्यापेक्षा बरा आधार आहे, पण मात्रा डॉक्टरांना विचारून, कारण त्यातही चरबीच असते.

प्रश्न : जर्मन शेफर्डचं ५ महिन्यांचं पिल्लू. कधी पुढचा पाय लंगडतो, आठवड्याने मागचा. कॅल्शियम वाढवू का?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : वाढवू नका, असेल तेही थांबवा. मोठ्या जातीच्या पिल्लाला तयार खाद्यावर वरून कॅल्शियम दिलं की हाडांची वाढ बिघडते. या वयात, या जातीत, पाय बदलत लंगडणं बहुतेकदा लांब हाडांच्या आतल्या सुजेने होतं. ती वाढीबरोबर आपोआप जाते, पण एक्स-रेशिवाय तसं धरून चालू नका. त्याआधी आजच चारही पंजे उलटे करून बोटांच्या बेचक्यांत बघा. मागच्या महिन्यात असाच एक 'संधिवात' माझ्याकडे आला होता, निघाली ती बांगडीची काच.