कॉलेज संपण्याआधी मित्रांबरोबर लांबची ट्रिप झाली नाही, तर आयुष्यात काही राहून जातं का?

तुम्ही लिहिलंय की शेवटचं वर्ष आहे, वर्गातले सगळे मनालीला निघालेत, तुमच्याकडे पैसे नाहीत आणि मोठ्या भावाकडून उसने घ्यावेत का ते कळत नाहीये. कमी पैशांत दुसरं कुठे जाता येईल, हेही विचारलंय.

उसने घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण याच जानेवारीत मी नेमकी याच पेचात होते.

मी टीवायबीएला आहे, विषय इतिहास. भांडुपला राहते, कॉलेज फोर्टात. आमच्या सात जणींचं मनाली ठरलं तेव्हा माणशी १४ हजार येत होते. घरी मी काही बोलले नव्हते, पण बाबांना कुठून तरी कळलं. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भिशीचे पैसे माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "जाऊन ये. नोकरी लागली की कोण सोडतंय?" ते पैसे आईच्या दाढांसाठी बाजूला काढलेले होते, हे मला माहीत होतं. मी घेतले नाहीत. मैत्रिणींना सांगितलं की मामेबहिणीचं लग्न आहे. लग्न वगैरे काही नव्हतं. ते खोटं मला अजून टोचतं. परवडत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. तुम्ही तरी तेवढंच म्हणा.

आता बाबांबद्दल. ते मस्जिद बंदरच्या एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे बंदरात आलेला-गेलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात २६ वर्षं कागदपत्रांचं काम करतात. रोज भांडुपहून धीमी लोकल, मस्जिदला उतरायचं, रात्री परत. पुढचंच स्टेशन सीएसएमटी, पण तिकडे ते काम असेल तरच जातात. ज्या रविवारी मैत्रिणी मनालीत होत्या, त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, चला, घारापुरीला, एलिफंटाच्या लेण्यांना जाऊ. तीन वर्षं मी तिथल्या सदाशिवावर, तीन चेहऱ्यांच्या शिवमूर्तीवर, टिपणं काढली, पण लेणी मीही चौथीच्या सहलीत पाहिली होती तेवढीच. आई आली नाही, तिला पाण्याची भीती वाटते. तिने भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून दिली, आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो.

सीएसएमटीहून ओव्हलच्या बाजूने चालत गेलो. राजाबाई टॉवरसमोर बाबा थांबले. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, त्यांच्या आईचं नाव टॉवरला आहे, १८७८ मध्ये काम पुरं झालं, असं मी सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "तुझ्या डिग्रीवर ह्याच युनिव्हर्सिटीचं नाव येणार ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मला फाटकापाशी उभं करून फोटो काढला. माझा चेहरा त्यात नीट आला नाही, टॉवर मात्र पूर्ण आलाय.

गेटवेवरून लाँच सुटली. वरच्या डेकवर बसलो. लोक सीगलना खायला टाकत होते, बाबा गप्प बसून पाणी बघत होते. डावीकडे जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या गेल्या. मग उजव्या हाताला, लांब, धुरकट हवेत उंच क्रेन दिसायला लागल्या, एकीला लागून एक. बाबांनी शेजारच्या खलाशाला विचारलं, "ते काय हो?"

तो म्हणाला, "न्हावा शेवा."

बाबा उठून कठड्यापाशी गेले. हे नाव त्यांनी २६ वर्षं रोज लिहिलंय. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि बाबा नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातलं निम्म्याहून जास्त काम तिकडचंच होतं. पण बंदरात जाणारी पोरं वेगळी, टेबलावर बसणारे वेगळे. कंटेनरचा नंबर, जहाजाचं नाव, वजन, शिक्के, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकदा साहेबांकडे बघायला जाऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा "तिथे तुमचं काय काम?" असं उत्तर मिळालं. हे त्यांनी मला त्या कठड्यापाशी सांगितलं. वीस-एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

बेटावर पायऱ्या चढताना ते दोनदा मागे वळून तिकडेच बघत होते. लेण्यात गेल्यावर मी सदाशिवासमोर उभी राहून बोलत सुटले. जवळजवळ सहा मीटर उंचीची मूर्ती, खडकातच कोरलेली, साधारण सहाव्या शतकातली. एका बाजूचा चेहरा उग्र, दुसऱ्या बाजूचा स्त्रीचा, मधला मिटल्या डोळ्यांचा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मधून निघालेला दगड कुठे टाकला असेल?" तीन वर्षांत आमच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघांनी बाहेरच्या उतारावर बराच वेळ शोधल्यासारखं केलं.

मग वर कॅनन हिलवर, तोफांपाशी गेलो. तिथून बंदर आणखी जवळ दिसतं. तिथेच बसून जेवलो. काकडी विकणाऱ्या एका मावशींशी बाबांच्या गप्पा रंगल्या. २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मुलांचा अभ्यास तेवढ्यात उरकावा लागायचा, असं त्या सांगत होत्या. गेटवेवरून तासाभरावर लोक असे राहत होते आणि मी याच शहरात इतिहास शिकत होते. मला याची खरंच लाज वाटली.

रात्री मी ग्रुपवर बाबांचा कठड्याजवळचा फोटो टाकला. एका मैत्रिणीने मनालीहून लिहिलं, "वडिलांबरोबर घारापुरी? ती शाळेची सहल झाली गं, ट्रिप नाही. घरच्यांपासून लांब गेलं तरच प्रवास." तेव्हा मी काही उत्तर दिलं नाही. लग्नाचं खोटं बोलले होते, तोंड कुठे होतं? पण तुमचा प्रश्न वाचला आणि ते उत्तर आता द्यावंसं वाटतंय.

घरच्यांपासून लांब तर आपण रोजच असतो. तीन वर्षं मी सकाळी सातला निघतेय, संध्याकाळी घरी येतेय, बाबा नऊला येतात. मैत्रिणींबरोबर मी रोज सहा तास काढलेत. कँटीनमध्ये, लोकलमध्ये, मरीन ड्राइव्हवर. बाबांबरोबर सलग सहा तास मी मोठी झाल्यापासून कधीच नव्हते. जूनपासून मलाही नोकरी शोधायचीय. मग दोघांनाही एकच रविवार मिळणार, आणि त्यात दळण, बाजार, पाहुणे. शेवटच्या वर्षात राहून जाण्यासारखं काही असेल तर माझ्या मते हे आहे, बर्फ नाही. बर्फ पुढच्या वर्षीही पडणार आहे. जी म्हणते की ही ट्रिप नाही, तिने आपल्या वडिलांना ते दिवसभर नेमकं काय काम करतात, हे एकदा विचारावं.

तरी एक सांगायला हवं. प्रत्येकाचं घर आमच्यासारखं नसतं. काहींना घरातून चार दिवस बाहेर पडणं ही श्वास घ्यायची गोष्ट असते, त्यांनी जरूर लांब जावं. आणि मला हिमालय बघायचाच नाही असंही नाही. बघायचाय, माझ्या पगारातून. तुमच्या भावाकडे पैसे सहज असतील आणि तो मनापासून देत असेल तर माझं 'घेऊ नका' थोडं सैल समजा. त्याचं काय अडतंय ते आधी बघा, एवढंच.

कुठे जाल? घारापुरी आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी, दोन्ही सोमवारी बंद असतात. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, खडकात कोरलेली पाण्याची टाकी बघायला विसरू नका. वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेला, अर्धा दिवस पुरतो. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडून उरण करा. आणि कॉलेजचं कन्सेशन मिळतंय तोवर तीन महिन्यांचा पास काढा, त्यावर मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता येतं. मी तीन वर्षं भायखळ्यावरून गेले, उतरले नव्हते. घारापुरीचं एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून ठेवलं, तो तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन मोडली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडले. संग्रहालय बुधवारी मात्र बंद.

पुढच्याच शनिवारी ऑफिस सुटल्यावर बाबा भायखळ्याला उतरले, मी तिथे थांबले होते. हत्तीची हकीगत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे माल चढवतानाच डॅमेज झाला." मग त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून सांधे बघत राहिले.

येत्या रविवारी कान्हेरी ठरलीय. दादरला कुठल्या पुलावरून पश्चिम रेल्वेवर जायचं, ते बाबांनी ऑफिसच्या कोऱ्या कागदावर लिहून ठेवलंय. या वेळी आईही येतेय.