बाबांच्या उशाशी बसताना

प्रिय पोरी,

तुझी चिठ्ठी वाचली. डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं, हे पाचूबंदरातून आधीच कानावर आलं होतं. पण तू जे विचारलंस, ते त्याहून जड आहे. उभ्या जन्मात चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, न चुकवलेला माणूस रात्री घाबरून हात घट्ट धरून ठेवतो, मग त्याचा विश्वास गेला कुठे?

कुठेही गेलेला नाही, बाळा.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलोय. १५९७ साली नागासाकीला त्यानं क्रूसावर प्राण दिला. ते ऐकून वाटतं, खऱ्या ख्रिस्ती माणसानं असंच ताठ मानेनं मरायला हवं. पण ज्याच्यासाठी गोन्सालो मेला, तो प्रभू येशू मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत कासावीस झाला होता. 'इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा,' अशी त्यानं मित्रांना गळ घातली. हा प्याला टळू दे, म्हणून प्रार्थना केली. मित्र झोपून गेले. तू तर जागी आहेस. बाबा हात धरतात तेव्हा समजावत बसू नकोस, धरू दे.

भेटायला येणारे बोलतीलच. 'विश्वास ठेवा, चमत्कार होईल,' कुणी म्हणेल. 'देवाला आवडले म्हणून बोलावतोय,' दुसरं कुणी म्हणेल. मला दोन्हींचा मनापासून राग येतो. पहिल्यात बाबा बरे झाले नाहीत तर दोष त्यांच्याच माथी येतो, आणि दुसऱ्यात देवच पोरीचा बाप हिरावून नेणारा ठरतो. बायबलात संत पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना मरणाला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रूला गोड मानायची सक्ती आपल्यावर नाही.

बायबलातलं बेथानी गावचं घर आठव. लाजर आजारी म्हणून त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मारियानं, येशूला निरोप धाडला, येशू पोचला तोवर त्याला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले. मार्था तोंडावर म्हणाली, 'प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.' मारियाही तेच म्हणाली. येशूनं दोघींपैकी एकीलाही गप्प केलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, मारियाला रडताना पाहून स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजराला मरणातून उठवायचंय हे ठाऊक असून रडला. तेव्हा तू मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडतेस ना, ते नको. देवाशी भांडायचं असेल तर मार्थेसारखं भांड. तिला आपण संत म्हणतो.

आपली आशा बाबांच्या धीरावर टांगलेली नाही. एक जण खरोखर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर ती उभी आहे. ते खरं नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं पौलच सांगतो. मी ते खरं मानते, आणि माझ्या माणसांना सिमेट्रीत ठेवून आल्यावरही मानते.

बाबांना बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचून दाखव. त्यांनी जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेलकी केली, त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त कळेल. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही, आणि पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी विचारतो, काही मिळालं का? मग जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात आणि जाळं फाटत नाही. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, सोबत भाकर. 'या, न्याहारी करा.' मरणातून उठलेला प्रभू दमलेल्या मच्छीमारांसाठी विस्तव करून थांबलाय! आपल्याला पलीकडे कोण भेटणार, ते बाबांना यातून दिसू दे. सावकाश वाच. मध्येच ते बोटीचं, डोल जाळ्याचं काही बोलले तर पुस्तक बाजूला ठेव आणि ऐक. कुणाचे पैसे द्यायचेत, कोणत्या भावाशी अबोला आहे, तेही त्यातूनच निघेल. 'अभद्र बोलू नका' म्हणून त्यांना अडवू नका. रोझरीत, जपमाळेच्या प्रार्थनेत, पन्नास वेळा आपण येशूच्या आईला, पवित्र मारियेला 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' म्हणून विनवतो, मग घरात त्या वेळेचं नाव काढायला का भ्यायचं? त्यांचे ओठ हलेनासे झाले तरी तू ती प्रार्थना कानाशी म्हणत राहा. शेवटपर्यंत ऐकू येतं, असंच धरून चाल.

फादरांना आजच बोलाव. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, झाला म्हणजे माणूस संपला, ही समजूत अजून आपल्याकडे आहे आणि लोक घरघर लागेपर्यंत थांबतात. तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२–६५) स्पष्ट सांगितलंय. बाबा शुद्धीत असताना कपाळाला, तळहातांना तेल लागू दे. 'आमेन' त्यांना त्यांच्या तोंडानं म्हणता येऊ दे.

ओठ सुकले की ओल्या कापसाचा बोळा फिरव. पाणी जबरदस्तीनं पाजू नकोस, ठसका लागतो. आणि रात्रीच्या पाळ्या लावा. मंगळवारची रात्र माझी. मी जेवून येईन, तू त्या रात्री आतल्या खोलीत झोपायचं.

तुझी,
मावशी