विषाणूचा आकार कळून औषधाला काय फायदा?

विषाणू कसा दिसतो हे शोधण्यावर एवढा खर्च कशाला, त्यातून औषध थोडंच बनतं, असं तुम्ही विचारलंय. बनतं. पण मी केळीपासून सुरुवात करतो, कारण मी रावेरकडचा आणि विषाणूशी माझी पहिली ओळख बागेतच झाली.

आमच्याकडे पावसाळ्यात केळीवर हरण्या येतो. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, बोलताना सगळे सीएमव्ही म्हणतात. त्याचा कण साधारण २९ नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या रेघेत ३४ हजार मावतील. एवढ्याशा जीवाच्या (जीव म्हणावं का, हा वाद वेगळा) पोटात जनुकांना जागा ती किती! बाहेरच्या कवचासाठी तऱ्हेतऱ्हेच्या विटांचे नकाशे बाळगणं त्याला परवडत नाही. म्हणून तो एकाच प्रथिनाच्या १८० प्रती काढून एकमेकींना जोडतो. जोडणी थेट फुटबॉलसारखी, १२ पंचकोन आणि २० षटकोन. बाराचे पाच साठ, विसाचे सहा एकशेवीस. जमला हिशेब.

औषधाला उपयोगी पडते ती हीच काटकसर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस म्हणजे नुसतं टरफल. त्या विषाणूचं एल१ हे एकच प्रथिन यीस्टमध्ये बनवलं की ३६० प्रती आपसूक जुळून पोकळ गोळा होतो. आत जनुकच नाही, तर संसर्ग कुठून होणार? शरीर मात्र बाहेरचा आकार ओळखून ठेवतं.

करोनाचं प्रकरण मला जास्त आवडतं. त्याच्या अंगावरचा काटा (स्पाइक प्रथिन) पेशीत शिरताना चाप सुटावा तसं रूप बदलतो. लसीतून सुटलेला चाप शरीराला दाखवून फारसा उपयोग नाही, विषाणूला अडवायचं ते शिरण्याआधीच. रचना ठाऊक असल्यामुळे काट्यातली दोन अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी) काढून तिथे प्रोलिन हे ताठ अमिनो आम्ल बसवलं आणि चाप ओढलेलाच राहिला. फायझर, मॉडर्नाच्या लसींत ही युक्ती आहे. कोविशिल्डमध्ये नव्हती, तरी तीही कामी आली.

केळीला लस देता येत नाही, झाड अँटिबॉडी बनवतच नाही. पण सीएमव्हीच्या कवचाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी घेऊन एलायझा चाचणी होते, टिश्यूकल्चरची मातृझाडं तशी तपासतात. रोपं घेताना वडील आधी तेच विचारतात. बागेत एकदा हरण्या दिसला, की झाड मुळासकट उपटून लांब पुरायचं आणि मावा ही कीड आवरायची; एका झाडावरून दुसऱ्यावर रोग तीच नेते.