वाचकांचे प्रश्न : पहिला छोटा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे

प्रश्न : लांजा तालुक्यात आमची पाच एकर वडिलोपार्जित जागा आहे. तीन एकरांत हापूस व काजूची जुनी बाग, अर्ध्या एकरात भाताची खाचरे आणि बाकी गवताळ उतार व कातळ. नोकरीतून निवृत्त होऊन मी आणि पत्नी आता गावीच राहणार आहोत. गडी मिळत नाहीत, म्हणून छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार आहे. विक्रेता 28 एचपीचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पलटी नांगर आणि ट्रॉली असा पूर्ण संच सुचवतो. मी आजवर ट्रॅक्टर चालवलेला नाही. हा संच घ्यावा का?
– एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)

उत्तर : हा संच घाटावरच्या सपाट काळ्या रानासाठी चांगला आहे. आपल्याकडे त्यातील नांगर तर पहिल्या पावसाळ्यानंतर शेडमध्येच पडून राहील. एचपीचा आकडा ठरवण्यापूर्वी वर्षभरात यंत्राकडून कोणकोणती कामे करून घ्यायची आहेत ती क्रमाने लिहून काढावीत, प्रत्येक कामाला कोणते अवजार लागते ते ठरवावे आणि मग त्यांतील सर्वांत जड अवजार पेलेल व सर्वांत अरुंद वाटेतून जाईल असा ट्रॅक्टर शोधावा. बहुतेक मंडळी नेमके याच्या उलट करतात.

आपली कामे आपण लिहिलेल्या वर्णनावरूनच दिसतात. पावसाळा संपताच बाग बेणून गवत काढणे, कारण तेच गवत पुढे वाळून वणव्याला आमंत्रण देते. मोहोर येण्याच्या सुमारापासून फळ धरेपर्यंतच्या फवारण्या. शेणखत, पालापाचोळा, लाकूड आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट यांची वाहतूक. आणि आषाढात चिखलणी. जुन्या कलमांच्या बागेत नांगरणीचे काम जवळपास नाहीच. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात, आणि जांभ्या दगडावर मुळात मातीचा थरच जेमतेम असतो. तिथे माती घुसळणारा रोटाव्हेटर फिरवला तर मुळे तुटतात आणि दगडावर आपटून पातीही वाकतात.

त्यामुळे आपले पहिले अवजार गवत कापणारा स्लॅशर असावा. याच्याविषयी विक्रेते सहसा न सांगणारी एक गोष्ट आहे. स्लॅशरची जड पाती एकदा वेगात आली की क्लच दाबल्यावरही फिरत राहतात, आणि साध्या पीटीओच्या (अवजाराला ताकद देणाऱ्या, ट्रॅक्टरमागच्या फिरत्या जोडणीच्या) ट्रॅक्टरमध्ये तो फिरता भार गिअरबॉक्समधून उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. दगडी गडग्यापाशी किंवा मळीच्या कडेला आपण क्लच दाबून थांबायला पाहतो आणि ट्रॅक्टर हातभर पुढे सरकतो. यावर उपाय म्हणजे पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच बसवणे. तो फारसा महाग नसतो आणि यंत्रासोबतच मागून घ्यावा. ज्यात पीटीओ स्वतंत्रपणे चालू-बंद होतो असा ट्रॅक्टर मिळाल्यास अधिक बरे.

फवारणीसाठी पीटीओवर चालणारा एचटीपी (जास्त दाबाने फवारणारा) पंप, पाण्याची टाकी, लांब नळी आणि गन एवढे पुरे. उंच कलमांपर्यंत पोहोचायचे असल्याने द्राक्षबागेतल्या, पंख्याने फवारणाऱ्या ब्लोअरचा इथे तितका उपयोग नाही. टाकी मात्र जपून निवडावी. पाणी लिटरला किलो या हिशेबाने भरते, आणि या गटातील अनेक ट्रॅक्टरांची उचलण्याची क्षमता साधारण 750 किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तीही अवजार जोडायच्या खालच्या दोन लिंकांच्या (दांड्यांच्या) टोकाशी मोजलेली. ओझे जितके मागे जाईल तितकी ती घटते. शिवाय मागे ओझे वाढले की पुढची चाके हलकी होतात, आणि चढावर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे लावायची वजने म्हणूनच घ्यावीत.

वाहतुकीसाठी ट्रॉली अवश्य घ्यावी, पण लहान. रस्त्यावर न्यायची असेल तर ट्रॅक्टरप्रमाणे ट्रॉलीचीही आरटीओकडे नोंदणी लागते. अर्ध्या एकराच्या चिखलणीसाठी स्वतःचा रोटाव्हेटर आणि चिखलात चालणारी लोखंडी चाके (केजव्हील) घेण्यापेक्षा गावातला पॉवर टिलर भाड्याने आणावा. लहान खाचरात तो ट्रॅक्टरपेक्षा सहज वळतो.

आता ट्रॅक्टर. आपल्या कामांना 20 ते 24 एचपी पुरेसे आहेत, पण चारही चाकांना ताकद देणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच, घ्यावा. ओल्या गवताळ उतारावर टू व्हील ड्राइव्हची मागची चाके घसरतात. जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो. अवजाराला मिळते ती पीटीओची ताकद, आणि 24 एचपीच्याच दोन ट्रॅक्टरांत ती तीन-चार एचपीने वेगळी असू शकते. मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, उचल आणि इंधनाचा खप मोजून दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. कुबोटाची निओस्टार मालिका, महिंद्राचे जिवो आणि ओजा, व्हीएसटी व कॅप्टनचे छोटे ट्रॅक्टर हे सर्व साधारण याच गटातले. त्यांतून निवड करताना माझा कौल, ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात त्याला राहील.

प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात न पाहता आपल्या बागेत, सर्वांत उभ्या उतारावर आणि सर्वांत अरुंद पाणंदीत मागावे. उतरताना खालचा गिअर आधीच टाकावा आणि क्लच दाबू नये. ओढायचे ओझे नेहमी खालच्या हुकालाच जोडावे. वरच्या लिंकला दोर बांधून ओंडका ओढताना ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो, आणि तेव्हा उडी मारायलाही वेळ मिळत नाही. चालकाला वाचवणारी लोखंडी कमान आणि सीटबेल्ट आपल्या बाजारातील अनेक छोट्या ट्रॅक्टरांवर मुळात नसतात, म्हणून आवर्जून विचारावे. बागेसाठी दुमडणारी कमान सोयीची, नाहीतर ती फांद्यांत अडकते. पीटीओच्या दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण कधीही काढू नये. लुंगी, ओढणी, पदर असे काहीही त्यात गुंतू शकते. आपण नवखे आहात, तेव्हा पहिला महिना रिकाम्या ट्रॅक्टरवर हात बसवावा.

अनुदानाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली ट्रॅक्टरसाठी अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना कमाल सव्वा लाख आणि इतरांना एक लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केल्यास ते हातचे जाते. सातबारा पत्नीच्या नावे असेल तर अर्ज त्यांनीच करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये तो तसाच लावलेला आहे ना, हे पाहावे.

प्रश्न : नऊ फुटी ओळीची दोन एकर द्राक्षबाग आहे. ब्लोअरसाठी ट्रॅक्टर घेताना मुख्यतः काय पाहावे?
– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : रुंदी आणि उंची, दोन्ही. नऊ फुटांची ओळ असली तरी वाय पद्धतीच्या मांडवाचे हात आणि लोंबणाऱ्या काड्या धरल्यास मोकळी जागा बरीच कमी उरते; ऐन छाटणीनंतर न मोजता पूर्ण पाने आल्यावर मोजावी. सायलेन्सर उभा नसून खाली, आडवा काढलेला असावा, अन्यथा त्याची धग पानांना व घडांना लागते. ड्युअल क्लच (गिअर आणि पीटीओ यांचे वेगवेगळे क्लच) असल्यास ओळीच्या टोकाला गिअर बदलताना पंखा थांबत नाही आणि शेवटच्या वेलींवर औषध सारखे पडते. ब्लोअरला किती पीटीओ एचपी लागते ते आधी विचारून घ्यावे, आणि ट्रॅक्टर त्याहून थोडा जास्त ताकदीचा घ्यावा.

प्रश्न : नव्या छोट्या ट्रॅक्टरच्या किमतीत जुना 40 एचपीचा मिळतो आहे. सपाट आठ एकर, कापूस आणि तूर. कोणता घ्यावा?
– एक वाचक, सिल्लोड (जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फळबाग नसेल तर जुना 40 एचपीचा घेण्यास हरकत नाही, नांगरणीला तोच उपयोगी. मात्र आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर आला तर पिस्टन-रिंगचे काम निघणार हे नक्की. अवजार पूर्ण वर उचलून इंजिन बंद करावे. दहा मिनिटांत ते खाली बसले तर हायड्रोलिकचे सील गेलेले आहेत, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. तासांचा मीटर फारसा मनावर घेऊ नये, तो बदलता येतो. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलांची झीज पाहावी. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. छोट्या ट्रॅक्टरची अवजारे आपल्याकडे आधीपासून असल्यास ती या ट्रॅक्टरला बसतीलच असे नाही, कारण लिंकच्या पिनांचे आणि अंतराचे माप वेगळे असू शकते.