फ्लॅटमध्ये मांजर पाळलं आहे. ते आनंदी आणि निरोगी राहावं म्हणून काय करावं? घरचे म्हणतात, दूध-भात पुरतो, मांजराला वेगळं काही लागत नाही. खरं आहे का?

नाही, खरं नाही. दूध-भात ही माणसांची सोय आहे, मांजराचं अन्न नव्हे. "मांजराला वेगळं काही लागत नाही" हे वाक्य मी माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून इतकी वर्षं ऐकत आले आहे की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मांजर पक्कं मांसाहारी. कुत्रा पोळीवर निभावून नेईल, मांजर नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसामाशातूनच मिळतो. तो कमी पडला तर नजर जाते, हृदय मोठं होऊन कमजोर पडतं. अगदी विकतच्या खाद्यावर वाढलेल्या मांजरांनाही हा हृदयाचा आजार होत होता. त्यामागे टॉरिन आहे हे अमेरिकेत १९८७ साली समजलं, आणि मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. भातात ते नसतंच. दूधही मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. आवडीने पितं म्हणून मानवतं असं नाही.

पण तुम्ही रोज एकच गोष्ट करणार असाल तर लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा वाळूचा ट्रे, स्वतः साफ करा. कामवाल्या मावशींवर सोडू नका. मांजर आजार लपवतं, ट्रे लपवत नाही. लघवीने वाळूचे किती गोळे झाले, केवढे झाले, हे तुम्हाला पाठ पाहिजे.

आमचा बंड्या त्यामुळेच वाचला. इमारतीच्या पार्किंगमधून उचलून आणलेला बोका. आम्ही डोंबिवलीला राहतो. मे महिन्यात एका लग्नासाठी ताई चिपळूणहून आमच्याकडे आली होती. त्या रात्री बंड्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, अंग चाटायचा, परत आत जायचा. मग बाथरूमच्या गार फरशीवर जाऊन बसला. ताई म्हणाली, "बद्धकोष्ठ झालंय गं त्याला. दुधात चमचाभर तूप घाल, सकाळपर्यंत मोकळा होईल." मी ट्रे पाहिला होता. संध्याकाळचे गोळे सुपारीएवढेसुद्धा नव्हते, आणि त्यानंतर लिटर कोरडं ठणठणीत.

बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. खडे, नाहीतर चिकट स्राव आणि बारीक कण मिळून तिथे बूच बसतं आणि लघवी तुंबते. मग मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. ही सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नाही.

जवळच्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, सकाळी दहाला घेऊन या. ताई म्हणाली, "बघ, डॉक्टरही तेच म्हणतायत." मी फोन लावत राहिले. शेवटी ठाण्यात रात्री उघडा असलेला एक दवाखाना सापडला. रिक्षा मिळेना, तेव्हा ह्यांनी शेजाऱ्यांना उठवून त्यांची गाडी मागितली. निघताना ताई दारात उभी. "बोक्यासाठी एवढ्या रात्री शेजाऱ्यांना उठवतेस? गावात कळलं तर हसतील." बंड्या तोवर ओरडायचाही थांबला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं. आधी रक्त तपासलं. पोटॅशियम चढलेलं होतं, हृदयाचे ठोके मंदावले होते. म्हणून आधी हृदय सांभाळायला इंजेक्शन दिलं, मग भूल देऊन कॅथेटर घातला. नळीतून लघवी आली ती लालभडक. पुढचे काही दिवस बंड्या तिथेच सलाईनवर होता. बिल किती झालं ते सांगत नाही. ताई ते अजून गावभर सांगते.

ताईचा नेहमीचा मुद्दा असतो, "आमच्या वाडीतली मांजरं कधी दवाखान्यात गेली?" नाही गेली, मेली. दर पावसाळ्यात पडवीत नवी पिल्लं असतात आणि शिमग्यापर्यंत त्यातली निम्मी दिसेनाशी होतात. विचारलं की "गेलं कुठेतरी". जी जगली तेवढीच डोळ्यांसमोर फिरतात, म्हणून मांजराला काही लागत नाही असं वाटत राहतं. लहानपणी आमच्याकडे एक पांढरा बोका होता. शेवटी शेवटी तो मोरीत बसून असायचा, जोर करायचा. आई म्हणाली, उष्णता झाली असेल. मग तो कुठे गेला कोणी पाहिलं नाही. तो लघवी तुंबूनच गेला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ताईलाही तो आठवतो, त्याच्याबद्दल ती बोलत नाही एवढंच.

आता तुमच्या घरातलं. मांजराला तहान कमी लागते. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, पाणी शिकारीतूनच मिळवणारे. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाद्याच्या पाऊचमध्ये पाऊणएक वाटा. म्हणून दिवसातलं एक तरी जेवण ओलं द्या, ड्राय फूडवर कोमट पाणी घातलंत तरी चालेल. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी आणि जेवणापासून लांब ठेवा. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन चांगलं, पण नुसत्या चिकनवर ठेवू नका, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. बाजारातली कच्ची मासळी रोज नको. कांदा-लसूण अजिबात नको.

फरशी फिनेलने पुसत असाल तर आज बंद करा. मांजर पंजे चाटतं आणि ते विष त्याच्या यकृताला निकामी करता येत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. पुष्पगुच्छातली लिली घरात नको, तिच्या परागांनीही मूत्रपिंडं जातात. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी लावा. "मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं" म्हणणाऱ्याने पाचव्या मजल्यावरून पडलेलं मांजर पाहिलेलं नसतं. लस, जंताचं औषध आणि पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर नसबंदी, याबद्दल वेगळं काय सांगायचं.

आनंदी ठेवायचं तर उंच बसायला जागा, बाहेरचं दिसेल अशी खिडकी आणि जेवणाआधी दहा मिनिटं दोरीमागे धावायला लावणं. शिकार, मग खाणं, मग झोप हा त्याचा क्रम आहे. घरात भांडणं असतील, सारखी पाहुण्यांची वर्दळ असेल तर मांजराला ताण येतो आणि तो ताण मूत्राशयावरच निघतो, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. मी ते ताईला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. लघवी तुंबणं हे मुख्यतः बोक्यांचं दुखणं, मादीला सहसा नुसती जळजळ होते, पण दवाखाना तिलाही लागतोच. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं. आणि मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं, तेव्हा "भूक लागली की खाईल" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका.

तुमच्याकडे बोका आहे की मादी ते प्रश्नात लिहिलेलं नाही. बोका असेल तर रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधा, फोन करून रात्री डॉक्टर खरंच असतात का ते विचारून घ्या आणि नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाका. दूध-भात म्हणणाऱ्यांच्याही.