औरंगजेबाच्या सुरुंगात त्याचेच लोक मेले, हे प्रहसनात दाखवलं तर सांगलीचे प्रेक्षक अतिशयोक्ती म्हणतील का?

म्हणू देत, प्रसंग खरा आहे. फक्त गड सांगलीकडचा नाही, साताऱ्याचा अजिंक्यतारा. डिसेंबर १६९९ मध्ये ८१ वर्षांचा बादशहा स्वतः वेढ्याला येऊन बसला. एप्रिल १७०० मध्ये तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने गडावरची माणसं गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली होता, तो जिवंत निघाला. दुसऱ्या सुरुंगाने तट मात्र बाहेरच्या अंगाला कोसळला, थेट हल्ल्यासाठी दाटीवाटीने उभ्या असलेल्या मुघल फौजेवर. सुमारे दोन हजार मेले, असं फारसी साधनांच्या आधारे इतिहासकार जदुनाथ सरकार सांगतात. (तुमच्या लेखकाला याहून चांगला विनोदी प्रवेश सुचणार नाही.) मी साताऱ्याचाच. मंगळाईच्या बुरुजाशी उभं राहून खाली बघा, हा कडा दगड अंगावर घेत चढायचा म्हणजे काय ते पोटात गोळा येऊनच कळतं.

एक मात्र सांभाळा: शेवटी गड पडलाच नाही, असं दाखवू नका. मार्चमध्ये राजाराम महाराज वारले आणि २१ एप्रिलला गड बादशहाच्या हाती गेला. त्याने शहजादा आझमच्या नावावरून ‘आझमतारा’ असं नामकरणही केलं. खरी गंमत पुढे आहे: काही वर्षांतच मराठ्यांनी गड परत घेतला, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो साताऱ्यातच. तेव्हा बादशहाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.